सार्किंगला मराठीत काय म्हणायचं? आपल्याकडे तक्तपोशी आहे की!

एका ताईंनी विचारलंय, त्या परदेशातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची माहिती मराठीत आणतायत आणि त्यात सारखा 'सार्किंग' हा शब्द येतोय. कुठे तो छपराखाली तर कुठे भिंतीत, आणि दोन्हीकडे लाकडी फळ्याच. मग एकच मराठी शब्द चालेल का, आणि 'तक्तपोशी', म्हणजे आपल्या जुन्या घरांच्या छताला मारलेल्या फळ्या, असं लिहिलं तर चूक होईल का?

आधी तो शब्द बघू. स्कॉटलंडमध्ये 'सार्क' म्हणजे शर्ट, सदरा. तिकडे छपराच्या वाशांवर आडव्या फळ्या ठोकतात आणि स्लेटच्या पातळ दगडी कौलांना भोक पाडून ती खिळ्याने थेट त्या फळ्यांवरच मारतात. फळ्या एकमेकींना अगदी चिकटवत नाहीत, हवा खेळावी म्हणून मध्ये बारीक फट ठेवतात. म्हणजे वरची स्लेट हा कोट धरला तर आतला सदरा म्हणजे ह्या फळ्या, म्हणून सार्किंग. तोच शब्द घेऊन लोक न्यूझीलंडला गेले आणि तिथे तो भिंतीलाही लागला. लाकडी सांगाड्यावर आतून फळ्या मारायच्या, त्यावर गोणपाटासारखं विरळ कापड ताणून बसवायचं आणि मग वॉलपेपर. ऑस्ट्रेलियात तर आता लाकूडच गेलं, कौलांखाली जो चंदेरी फॉइलचा थर टाकतात त्यालाच सार्किंग म्हणतात.

आता तक्तपोशी. तक्ता म्हणजे फारसीत फळी, आणि पोश म्हणजे झाकणारं, अंगावर घातलेलं. हा पोश आपण रोज वापरतो, पोशाख त्यातलाच, पलंगावर टाकतो तो पलंगपोस, आणि 'कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही' म्हणतो त्यातला पायपोसही तोच. म्हणजे तक्तपोशी हा फळ्यांचा पोशाख झाला! हे लक्षात आलं तेव्हा मला खरंच फार आनंद झाला. स्कॉटलंडचा सुतार आणि आपल्याकडचा सुतार, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण छपराखालच्या फळ्यांना दोन्ही भाषांनी कपडाच म्हटलं. एक मात्र सांभाळा, नेटवर हिंदीत 'तख्तपोश' शोधलंत तर लाकडी पलंगांचे फोटो येतील, हिंदीत तो शब्द बसायच्या-झोपायच्या चौकीसाठी आहे.

पण अर्थ जुळला म्हणून काम जुळतंच असं नाही, आणि इथे सोलापूरकडची घरं बघावी लागतात. आपल्याकडे पाऊस कमी, ऊन भयंकर, म्हणून जुनी घरं माळवदाची, सपाट मातीच्या छताची. (शेजारचे कन्नड बोलणारे अशा छताला माळिगे म्हणतात, शब्द ऐकला की माळवद आठवतंच.) खांबावर तुळई म्हणजे मोठं आडवं लाकूड, तुळईवर कड्या म्हणजे त्याहून बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या (हीच तक्तपोशी), त्यावर पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती, ती पावसाळ्याआधी दरवर्षी नव्याने टाकायची आणि पाणी पन्हाळातून काढून द्यायचं. म्हणजे आपल्या फळ्या मातीचं वजन पेलतात, तिकडच्या स्लेटचे खिळे धरतात. आणि आपल्या फळ्या खोलीतून वर बघितलं की दिसतात, म्हणून त्या रंधून गुळगुळीत केलेल्या, सांध्यांवर बारीक पट्ट्या मारलेल्या. सार्किंगच्या फळ्या मुळात झाकून जाण्यासाठीच असतात, त्या खरबरीत असल्या तरी कुणाचं काही अडत नाही.

आमच्या आजोळच्या वाड्यात माळवद उतरवलं तेव्हा मी खाली उभा होतो. सुतारमामांनी पहारीने पहिली फळी उचलली तशी वरून पिठासारखी पांढरी माती खाली आली, सगळ्यांच्या डोक्यावर. फळीची खालची बाजू चुलीच्या धुराने काळी आणि चकचकीत झालेली, वरची बाजू मात्र कोरडी, फिकट, त्यावर पाल्याच्या शिरांचे ठसे स्पष्ट उमटलेले. मामा म्हणाले, "तक्तपोसी हाय म्हणून टिकलंय बघा, नुसती किलचण असती तर कधीच खाली आलं असतं." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा शब्द सगळ्या घरांचा नव्हता. ज्यांना फळ्या परवडायच्या नाहीत ते कड्यांवर ओबडधोबड काटक्या आणि लाकडाचे तुकडे जवळजवळ मांडायचे, ती किलचण. त्यामुळे 'त्यांच्या घराला तक्तपोशी आहे' हे वाक्य नुसतं बांधकामाचं नाही, त्यात ऐपत पण आली. कडीपाट शब्दही ह्याच कामाचा, पण त्यात कड्या आणि पाट दोन्ही आले, नुसत्या फळ्यांसाठी तक्तपोशीच नेमकी.

तर ताई, छपरासाठी बिनधास्त 'कौलांखालची तक्तपोशी' लिहा, पहिल्यांदा येईल तिथे स्लेट थेट तिच्यावर ठोकतात हे एका वाक्यात सांगा, नाहीतर वाचणारा वाड्यातलं नक्षीदार छत डोळ्यासमोर आणेल. मंगलोरी कौलांची सवय असलेल्यालाही हे सांगावंच लागेल कारण तिथे कौल रिपांवर, म्हणजे अरुंद लाकडी पट्ट्यांवर बसतं, फळ्या लागतच नाहीत. भिंतीसाठी मात्र तक्तपोशी नको, कानाला छतच ऐकू येतं, तिथे 'भिंतीला आतून फळ्यांचं अस्तर' लिहा. 'लाकडी पडदी' पण नको, पडदी म्हणजे दोन खोल्यांमधली पातळ भिंत. फॉइलवाल्याला नुसतं अस्तर पुरे.

आणि तख्तपोशी की तक्तपोशी, हे पण विचारलंत. मी तक्तपोशी लिहितो, आमच्याकडे बोलताना त्यात 'ख' कधी ऐकलाच नाही.