संगणकाच्या तक्रारी : अपडेटनंतर रोज सकाळी एफ१

प्रश्न : मी चिपळूणला घरूनच पाच दुकानदारांचं टॅलीचं काम बघते. पीसी असेंबल केलेला, जुना आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात विंडोजचं अपडेट आलं आणि तेव्हापासून रोज सकाळी काळ्या स्क्रीनवर ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड, प्रेस एफ१’ असं येतं. एफ१ दाबलं की विंडोज सुरू होतं, पण तारीख १ जानेवारी २०१७ दाखवतं आणि जीएसटीची साइट उघडत नाही, ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. दुपारी रीस्टार्ट केलं तर काही येत नाही. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस पीसी दुकानात ठेवला, तिथे एकदाही एरर आला नाही. आता तो फॉरमॅट करू म्हणतोय. करू का? (विजा चमकायला लागल्यापासून मी रात्री भिंतीवरचं बटणही बंद करते, त्यामुळे शॉर्टसर्किट वगैरे झालं नसावं.)

उत्तर : ताई, फॉरमॅट अजिबात करू नका. आणि कंसातलं जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, उत्तर त्यातच आहे.

मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, चपटी बॅटरी असते. नाव सीआर२०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२. ती ३ व्होल्टची. पीसीला वीज नसताना घड्याळ चालू ठेवायचं आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होऊन पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग्ज लक्षात ठेवायची, एवढंच तिचं काम. ही सेटिंग्ज जिथे राहतात ती जागा म्हणजे तुमच्या संदेशातलं ‘सीमॉस’. तुम्ही नुसतं शटडाउन करता तेव्हा भिंतीवरचं बटण चालू असेल, तर पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज मिळतच राहते आणि बॅटरीवर भार येत नाही. म्हणजे ती मेली असली तरी वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. तुम्ही विजांच्या भीतीने रात्री बटण बंद करू लागलात, तेव्हा पहिल्यांदा तिच्यावर जबाबदारी आली, आणि ती पेलायला तिच्यात जीवच नव्हता. त्याच आठवड्यात अपडेट आलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

म्हणूनच दुपारच्या रीस्टार्टला काही होत नाही, कारण त्यात वीज तुटत नाही. विंडोजचाच दोष असता तर दुपारीही दिसला असता. शिवाय हा संदेश विंडोजचं चिन्ह यायच्या आधी येतो, म्हणजे विंडोज तोवर जागंच झालेलं नसतं. (ब्रँडेड लॅपटॉपला कधी कधी बायोसचं अपडेटही विंडोजच्या अपडेटबरोबर येतं, तिथे मी एवढ्या ठामपणे बोललो नसतो.) २०१७ ही तारीखही उगाच नाही. आठवण पुसली गेली की घड्याळ बोर्ड बनवणाऱ्याने घालून दिलेल्या तारखेवर जातं. तुमचा बोर्ड साधारण तेव्हाचा असणार, आणि बॅटरीही बहुधा तेव्हाचीच. तिने भरपूर नोकरी केली.

तुमच्या दुरुस्तीवाल्याला मी हसणार नाही. दुकान टाकलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी एका डॉक्टरांचा पीसी याच तक्रारीसाठी दोनदा फॉरमॅट केला होता. माझ्याकडे मशीन शहाण्यासारखं वागायचं, दवाखान्यात नेलं की सकाळी पुन्हा रडायचं. माझ्या टेबलावरचा बोर्ड रात्रंदिवस चालू असायचा आणि त्यांचा कंपाउंडर रात्री कुलूप लावताना मेन स्विच पाडायचा, हे दोन्ही शेजारी ठेवून बघायला मला महिना लागला. दुसऱ्या फॉरमॅटचे पैसे परत केले. डॉक्टरांनी घेतलेही.

आता करायचं काय? बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते, शंभर रुपयांच्या आत. पीसीची वायर भिंतीतून पूर्ण काढा, मग सुरू करायचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज जाईल. कॅबिनेटचा पत्रा उघडल्यावर आधी त्याच्या लोखंडाला हात लावा. बॅटरीच्या कडेला छोटी पितळी पट्टी असते, ती नखाने बाहेर ढकलली की बॅटरी स्वतःच वर उसळते. नवीन बसवताना अधिकची खूण असलेली, अक्षरं कोरलेली बाजू वर. मग बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ घाला आणि सेव्ह करून बाहेर पडा. आत्ताही तुमचं विंडोज बायोसच्या मूळ सेटिंग्जवरच सुरू होतंय, तेव्हा बाकी कशाला हात लावायची गरज नाही. रात्री बटण बंद करून सकाळी बघा.

काढलेली बॅटरी मात्र टेबलावर ठेवू नका. घरात लहान मूल असेल आणि त्याने ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, ‘संपलेल्या’ बॅटरीनेसुद्धा. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

जीएसटीची साइट आपोआप उघडेल. साइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमच्या पीसीच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून ब्राउझर अडवतो. जीएसटीचं विवरणपत्र भरायची महिन्याची वीस तारीख तोंडावर असेल आणि बॅटरी मिळेपर्यंत थांबायला वेळ नसेल, तर रोज एफ१ नंतर आधी हाताने तारीख बदला, मगच टॅली उघडा. ज्या दिवशी ते विसरला असाल, त्या दिवशीच्या बॅकअपवर २०१७ची तारीख पडली असेल. जुना समजून तो पुसू नका.

प्रश्न : परभणीजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. प्रिंटरचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यापासून पीसी चालू केला की ‘रनडीएलएल’ नावाची चौकट येते आणि कुठलं तरी मॉड्यूल सापडलं नाही असं सांगते. व्हायरस आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. सर, मुलगा शाळा सोडून गेला पण हजेरीपटावर नाव राहिलं, तसं झालंय. अपडेटने जुनी फाइल काढली, पण ‘सुरू होताना हिला हाक मार’ ही नोंद काढायला ते विसरलं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये प्रिंटरची ती नोंद शोधून डिसेबल करा. तिथे नसेल तर टास्क शेड्यूलरमध्ये बघा. तरी नाही सापडली तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन उतरवून घ्या. ज्या नोंदींची फाइल हरवलीय, त्या ते पिवळ्या रंगात दाखवतं. लगेच डिलीट करू नका, नुसती टिक काढा आणि रीस्टार्ट करून प्रिंट निघते का बघा. चौकटीत ज्या फाइलचं नाव येतंय, ती भलत्याच साइटवरून उतरवून घ्यायचा मोह मात्र टाळा. आज नसलेला व्हायरस त्या वाटेनेच येतो.