वाचकांचे प्रश्न : गाळ तलावात, दुखणे वरच्या रानात

प्रश्न : आमच्या गावचा तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांच्या, काळातील आहे. त्याच्या वरच्या अंगाला पूर्वी झुडपी जंगल आणि गुरे चरण्याचे पडीत रान होते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यातील बराच भाग नांगराखाली आला. चार वर्षांपूर्वी यंत्राने गाळ काढला, तरी तलाव पुन्हा उथळ झाला आणि मासाही घटला. गावातील वयस्क ढिवर (मासेमारी करणारा समाज) म्हणतात की खोदकाम चुकले आणि खरे दुखणे वरच्या रानात आहे. ग्रामपंचायतीत मात्र पुन्हा खोलीकरणाचाच ठराव येतो आहे. या म्हणण्याला आधार आहे काय, आणि ते कार्यालयात मांडावे कसे?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : आपल्या गावच्या ढिवरांचे म्हणणे मला पटते. पण ठरावाला हरकत घेताना ‘जुनी माणसे असे म्हणतात’ एवढे पुरणार नाही, म्हणून त्यामागची कारणे सविस्तर देतो.

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. त्यांची परंपरा गोंड राजवटीपर्यंत मागे जाते आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब मोठे होते. पाळ (पाणी अडवणारा मातीचा बांध) घालण्याआधी वर किती रान आहे, तेथून किती पाणी येईल आणि सांडव्यावरून गेलेले पाणी खालच्या कोणत्या तलावाला मिळेल, हे पाहूनच जागा निवडली जात असे. तलाव असा आपल्या येव्याच्या, म्हणजे वरून येणाऱ्या पाण्याच्या, मापाने बेतलेला असल्यामुळे वरचे रान बदलले की पाळ जागेवर असूनही तलाव पूर्वीचा राहत नाही.

झाडझाडोरा आणि गवत असलेल्या उतारावर पावसाचे पाणी थबकते, काही जमिनीत मुरते आणि ओहोळांतून पुढे कित्येक आठवडे झिरपत राहते. तोच उतार उघडा नांगरला तर मोठ्या सरीचे पाणी काही तासांत माती घेऊन तलावात उतरते, सांडव्यावरून निघून जाते आणि मागे गाळ ठेवते. मात्र येथे एक भेद करायला हवा, जो सरकारी टिपणांत सहसा दिसत नाही. वरच्या रानात धानाच्या बांध्या (बांध घातलेली खाचरे) पडल्या असतील, तर त्यांचे बांध माती अडवतात, पण पाणीही अडवतात. अशा वेळी तलावात गाळ कमी येतो आणि पाणीही कमी येते. बांध न घालता उतारावर तूर किंवा भाजीपाला घेतला असेल, तर गाळ भरभरून येतो. आपल्या तलावाच्या वरच्या रानात यांपैकी काय घडले आहे, हे ठरल्याशिवाय उपाय ठरणार नाही.

ते ठरवण्याची एक साधी रीत आहे. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात तलावाला मिळणाऱ्या प्रत्येक ओहोळाचे पाणी सारख्या आकाराच्या बाटल्यांत भरावे, रात्रभर निवळू द्यावे आणि सकाळी तळाचा थर पट्टीने मोजावा. बाटलीवर ओहोळाचे गावात चालणारे नाव आणि तारीख लिहावी. दोन-तीन पावसाळ्यांच्या अशा नोंदी असल्या की कोणत्या उताराची माती येते, हे कोणत्याही अभियंत्याला दाखवता येईल.

आता खोदकामाविषयी. तलावाचा तळ काठाकडे हळूहळू उथळ होत जातो आणि त्या उथळ भागातच पाणवनस्पती वाढतात, मासा अंडी घालतो, पिल्ले लपतात. पाणी ओसरले की तेथेच गाळपेर होते. यंत्राने सरळ कडांचे खड्डे काढले की हा काठ नाहीसा होतो. पाणी धरून ठेवणारा चिकणमातीचा थर फुटला तर तलाव खालून गळू लागतो, आणि पाळीच्या पायथ्याशी खोदले तर पाळच कमकुवत होते. गाळ काढूच नये असे मी म्हणत नाही. तो पातळ थरांत, पाळीपासून दूर आणि काठाचा उतार राखून काढावा. आपल्याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांसह केलेले काम ग्रामपंचायत सदस्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहावे, असा माझा आग्रह आहे. तेथे तलावात माजणाऱ्या बेशरम या परक्या वनस्पतीची झुडपे उपटून, उन्हाळ्यात तळ नांगरून, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावण्यात आल्या आणि त्यानंतर देशी मासे परतले.

कागदांची बाजूही भक्कम करता येईल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार गावाचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही नोंदपत्रे असतात. चराई, जळण, पाणी, मासेमारी यांविषयीचे गावाचे हक्क आणि वहिवाटी त्यांत सापडू शकतात, म्हणून दोन्हींच्या प्रती मागवाव्यात. वनहक्क कायदा, 2006 मध्ये निस्ताराचे (चराई, जळण अशा गावाच्या नित्य गरजांचे) आणि पाणसाठ्यांतील मासळीचे सामुदायिक हक्क स्पष्ट नमूद आहेत. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच मानल्या, त्यामुळे तलावाच्या वरच्या रानाचा सातबारा काढून ती नोंद प्रथम तपासावी. जे कुटुंब तेथे पोटापुरते कसते, त्याच्याशी भांडण उकरण्यापेक्षा उताराला आडवे बांध आणि ओहोळाच्या काठाने गवताचा पट्टा, एवढ्यावर समजूत घालावी.

प्रश्न : वरील प्रकारचे ‘स्थानिक ज्ञान’ म्हणजे गेलेल्या काळाचे गुणगान नव्हे काय? मालगुजारी व्यवस्था न्याय्य नव्हती.
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : ती न्याय्य नव्हती, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पाळीच्या डागडुजीत वेठीचे श्रमही होते. तत्कालीन मध्य प्रदेशाच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली ते योग्यच झाले. चूक एवढीच झाली की तलाव सरकारकडे आले, पण दरवर्षीच्या देखभालीची जबाबदारी गावात कोणाकडेच राहिली नाही.

शिवाय हे ज्ञान मालगुजाराच्या वाड्यात नव्हते. मासा पहिल्या पावसात कोणत्या ओहोळाने वर चढतो हे ढिवराला ठाऊक होते, रानातले गवत कोठे टिकते हे गुराख्याला आणि काठावरची भाजी कोणत्या महिन्यात मिळते हे ती खुडणाऱ्या बाईला. प्रत्येकाला तलावाचा एक तुकडा माहीत असतो आणि कधी कधी तो चुकीचाही असतो. म्हणूनच तो पडताळून लिहावा लागतो. जैवविविधता कायदा, 2002 नुसार गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. आपण अभ्यासासाठी या भागात जाणार असाल तर ती नोंदवही आधी मागून वाचा, आणि तिच्यात ढिवर बायकांनी सांगितलेली किती पाने आहेत ते मोजा.