काठमांडूला आई-बाबांना न्यायचंय, दोन दिवस पुरतील का?

तुम्ही विचारलंय की काठमांडूची बेसिक माहिती द्या आणि पशुपतिनाथ करून दोन दिवसात आटपेल का. आटपेल हो, पण माझं ऐका आणि चार दिवस काढाच. मी आईला घेऊन गेलो तेव्हा दोनच दिवस हातात होते, नदीपलीकडच्या पाटण शहराला जेमतेम एक दुपार मिळाली आणि त्याची हळहळ अजून जात नाही.

आधी कागदपत्रं, कारण लोक इथेच अडकतात. आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र हवं. नुसत्या आधारच्या भरवशावर निघू नका, आमच्या पुढच्या काकांना काउंटरवरूनच परत फिरावं लागलं, बिचारे. दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी मागून घ्या, हवा स्वच्छ असेल तर हिमालयाची सगळी रांग दिसते. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आणि आपल्या १०० रुपयांचे १६० नेपाळी, हा दर ठरलेलाच आहे. शहराची उंची साधारण १४०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपासच, त्यामुळे आई-बाबांना उंचीचा त्रास होईल ही भीती मनातून काढून टाका. ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट.

पशुपतिनाथला शनिवार टाळा, तिकडे सुट्टी शनिवारी असते त्यामुळे तुफान गर्दी. चामड्याचा पट्टा, पाकीट आत चालत नाही आणि फोटो तर नाहीच. गाभाऱ्यात चार मुखांचं शिवलिंग आहे आणि पूजा करणारे भट्ट पुजारी कर्नाटकातून आलेले असतात, हे ऐकून आईला फार बरं वाटलं, एवढ्या लांब येऊनही आपल्या शेजारचेच लोक! संध्याकाळी बागमतीच्या पलीकडच्या काठावर आरतीला बसा. समोरच घाटावर चिता जळत असतात, आई-बाबांना आधीच कल्पना देऊन ठेवा.

आता पाटण, म्हणजे ललितपूर. नदी ओलांडली की आलंच, टॅक्सीने अर्धा तास धरा. तिथलं कृष्णमंदिर १६३७ चं, अख्खं दगडी, पहिल्या मजल्यावर महाभारत कोरलंय आणि त्याच्यावर रामायण. आई एकेक प्रसंग ओळखत मान वर करून कितीतरी वेळ उभी होती. पण मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडली ती तिथल्या दरबार चौकातली, म्हणजे जुन्या राजवाड्यासमोरच्या चौकातली मंगा हिटी. हिटी म्हणजे खाली उतरत जाणारं दगडी पाणवठं, आपल्याकडच्या बारवेसारख्या पायऱ्या, आणि तळाशी मगरीच्या तोंडाच्या तीन दगडी धारा. ही सहाव्या शतकातली आहे आणि आजही तिला पाणी येतं! आम्ही गेलो तेव्हा एक आजी पितळी गागर धारेखाली लावून शेजारणीशी बोलत बसल्या होत्या, कॅन घेऊन दोन पोरं मागे नंबर लावून उभी, आणि वर चौकात पर्यटक फोटो काढतायत. ही सगळी ठिकाणं म्युझियम नाहीयेत, लोक रोज वापरतात, म्हणून तर म्हणतो घाई करू नका.

काठमांडूच्या दरबार चौकात काष्ठमंडप हा जुना लाकडी मंडप बघा, शहराचं नाव त्याच्यावरूनच पडलंय. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तो पार कोसळला होता, तो पुन्हा लाकडातच उभा केलाय. जवळच कुमारीचं घर आहे, जिवंत देवी मानलेली लहान मुलगी कधीकधी खिडकीत येते, तेव्हा कॅमेरा खाली ठेवायचा. दरबार चौकांना तिकीट लागतं पण सार्क देशांना, म्हणजे आपल्यालाही, दर कमी असतो, म्हणून ओळखपत्र दाखवा, नाहीतर परदेशी म्हणून जास्त पैसे जातील.

स्वयंभू म्हणजे टेकडीवरचा स्तूप, तिथे ३६५ पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर टॅक्सीला मागच्या बाजूने वर न्यायला सांगा, तिकडून चढण अगदी थोडी आहे. बौद्धनाथ स्तूपाला संध्याकाळी जा, तिथे प्रदक्षिणा सगळे आपल्यासारखीच उजवीकडून घालतात, त्यांच्यातच मिसळून चालायचं.

चौथा दिवस जवळच्या भक्तपूर शहराला ठेवा. तिथे मातीच्या भांड्यात 'जुजु धौ' नावाचं म्हशीच्या दुधाचं घट्ट गोड दही मिळतं, चमचा उभा राहतो. बाबांना शुगर असेल तर तिघांत एकच घ्या.