हर्लीला पत्र्याची पट्टी कशासाठी? (मुलासाठी पहिली हर्ली घेणाऱ्या ताईंना उत्तर)

ताई, दुकानात बिनपट्टीची, पत्र्याची पट्टी मारलेली आणि बांबूची अशा तीन हर्ली (हर्लिंग या आयरिश खेळातल्या चेंडू मारायच्या काठ्या) दिसल्या, मुलासाठी कुठली घेऊ, असं विचारलंत. आम्हीही आयर्लंडला आलो तेव्हा पट्टी बघूनच घेतली होती. फसलो.

हर्ली टिकते ती लाकडाच्या रेषांवर. दांड्यावरची एक रेष बोटाने धरून खाली बासपर्यंत जा (बास म्हणजे चेंडू मारायचं रुंद पातं). वळणावर रेषही वळली तर घ्या. सरळ जाऊन कडेला संपली, तर काठी तिथेच मोडणार, पट्टी कितीही चकचकीत असो. म्हणून तर अ‍ॅशच्या झाडाचा फक्त बुंध्याचा सव्वा-दीड मीटर भाग हर्लीला घेतात. मुळं फाकतात तिथे तंतू आधीच वळलेले असतात, कारागीर त्या वळणातच आकार बसवतो.

जुनी हर्ली बघितलीत तर हॉकी स्टिकच वाटेल, लांब आणि अरुंद. तेव्हा चेंडू बराचसा जमिनीवरूनच फटकावत. पुढे तो उचलणं, काठीवर तोलत पळणं वाढलं, तसा बास रुंद झाला आणि दांडा आखडला. आता नियमाने बास 13 सेंटिमीटरपर्यंतच चालतो. पण पातं रुंद झालं की टोकाशी दोन रेषांमध्ये चीर पडायला जागा मिळते. पट्टी तिथे आडवी आवळून बारीक खिळ्यांनी ठोकतात, पिंपाला कडं घालतात तशी. चीर पसरत नाही, एवढंच तिचं काम. वळणावर मोडणारी काठी ती वाचवू शकत नाही.

शिवाय खिळे ढिले होतात. लेकीच्या हर्लीची पट्टी कोपऱ्यात उचकटली होती, मी म्हटलं रविवारी बघू. शनिवारीच एका पोराचा गुडघा कापला. तेव्हापासून सरावाच्या आदल्या रात्री मी पट्टीवरून बोट फिरवतो आणि वर टेप गुंडाळतो.

बांबू आला तो अ‍ॅशच्या टंचाईमुळे. लाकूड आधीपासूनच बाहेरून येत होतं, त्यात 2012 मध्ये झाडं वाळवणारी बुरशी आयर्लंडमध्येही सापडली. बांबूच्या चिपा चिकटवून, दाबून फळी करतात, त्यामुळे बुंध्याचं वळण शोधावं लागत नाही आणि दोन काठ्यांत फारसा फरकही पडत नाही. जुने खेळाडू नाकं मुरडतात. मला विचाराल तर चांगल्या रेषेचं अ‍ॅश अजूनही हाताला गोड लागतं, पण ते ओळखता येत नसेल तर बांबू घ्या. प्लास्टिकची हर्ली पोरं अंगणात बडवतात, तेवढ्यापुरती ठीक.

सात वर्षांच्या मुलाला पट्टी नकोच, तेवढा जोर कुठे असतो! माप मात्र नीट घ्या: हात सरळ खाली सोडून उभा करा, दांड्याचं वरचं टोक मनगटाच्या हाडाशी यायला हवं. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेऊ नका.