फायबरच्या छोट्या मासेमारी होडीच्या तळाला कोणता रंग लावावा?

होडी रोज वाळूवर ओढता की खाडीत नांगरून ठेवता, यावर सगळं आहे. रोज ओढत असाल तर अँटीफाउलिंगवर (तळाला शेवाळ-शिंपले चिकटू न देणाऱ्या रंगावर) पैसे घालू नका, वाळू तो घासून टाकते. साधा इपॉक्सी पुरे.

खाडीतच राहणाऱ्या होडीला तांब्याचा, हळूहळू झिजणारा अँटीफाउलिंग घ्या. कडक प्रकाराचे थर वर्षागणिक साचतात आणि शेवटी पापुद्रे सुटतात. २४ फुटी होडीचा तळ साधारण १२ चौरस मीटर, एका हाताला लिटरमागे ७ चौरस मीटर धरा. म्हणजे दोन हातांना साडेतीन लिटर. पाणरेषा, कणा आणि सुकाणूला तिसरा हात धरून ४ लिटर लागतील. खाली इपॉक्सी प्रायमर हवाच.

खरवडणं मात्र होडी वर घेतली त्याच दिवशी, तळ ओला असतानाच करा. तळाला चिकटलेलं बार्नेकल (कवचाचा छोटा समुद्री जीव) वाळलं की सिमेंटसारखं बसतं, मग लोखंडी उलथनं चालवलं की जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, चिरतो. प्लास्टिकची पट्टी वापरा. जुना रंग पाण्याच्या पॉलिश पेपरनेच घासा, कोरडी धूळ विषारी असते.

१ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत होडी शाकारलेली असते, पण आत दमट. तेव्हा मारलेला रंग सोलून निघतो. दुरुस्ती तेव्हा करा, रंग जुलैअखेरच्या उघडिपीत, तळ खडखडीत वाळल्यावर. रंगल्यावर किती दिवसांत पाण्यात उतरवायची ते डब्यावर असतं.

इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पायाला हा रंग नको, तांब्यामुळे पाय खड्डे पडून गंजतो. धातू गंजू नये म्हणून लावलेला झिंकचा ठोकळाही रंगवू नका.