आठवी-नववीच्या मुलांना घोकंपट्टीशिवाय भूगोल कसा शिकवावा?

मुलं व्याख्या पाठ करतात आणि चाचणी झाली की विसरतात, असं तुम्ही लिहिलंय. मी सातारा जिल्ह्यात भूगोल शिकवते. माझं मत विचाराल तर व्याख्या तासाच्या शेवटी यावी. आधी फळ्यावर आकडे हवेत, तेही मुलांच्या ओळखीच्या गावांचे.

प्रतिरोध पर्जन्य, म्हणजे डोंगरामुळे पडणारा पाऊस, घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६००० मिमी पाऊस. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्माही नाही. पूर्वेकडच्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. जिल्हा एकच! कारण विचारलं की वर्ग एका सुरात सांगतो, "डोंगर ढग अडवतो." इथे थांबायचं नाही. उलट विचारायचं: ढग अडले, तर जुलैत माणमधल्या दहिवडीच्या डोक्यावरून पूर्वेकडे जाणारे ढग कुठले? माणची मुलं ते दरवर्षी बघतात, त्यामुळे चुळबुळ सुरू होते. मग हवा सह्याद्री चढते, थंड होते, बाष्पाचं पाणी होतं. पलीकडे उतरताना ती तापते आणि बाष्प धरून ठेवते, हे समजायला त्यांना वेळ लागत नाही. डोंगरापलीकडच्या या कमी पावसाच्या पट्ट्यासाठी 'पर्जन्यछाया' हा शब्द त्यानंतर द्यायचा. दहावीला ईशान्य ब्राझीलचा कोरडा भाग आला की हीच मुलं आधी डोंगर शोधतात. तालुक्यांचे आकडे कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतात, आलेख मुलांनीच काढावा.

समोच्चरेषांसाठी (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) अर्धा बटाटा पुरतो. आडव्या चकत्या कापायच्या आणि एकेक कागदावर गिरवायची. नंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या भागाचा १:५०,००० नकाशा समोर ठेवायचा (त्यांच्या पोर्टलवर पीडीएफ मिळते). रेषा दाटल्या तिथे चढ, हे गावाजवळच्या गडावर दम लागलेल्या मुलाला सांगावं लागत नाही.

रेखावृत्त आणि वेळ हा मात्र सगळ्यात रुक्ष शिकवला जाणारा धडा. "एका अंशाला ४ मिनिटं" म्हणायचं आणि गणितं सोडवायची! त्यापेक्षा पटांगणात काठी रोवा आणि तिच्या सावलीवरून मध्यान्हाची, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतो ती, वेळ काढा. राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या शाळेला फोन करून त्याच दिवशी तेच करायला सांगा. कोल्हापूर सुमारे ७४.२° पूर्वेला, नागपूर ७९.१° ला. म्हणजे कोल्हापूरचा मध्यान्ह जवळपास २० मिनिटं उशिरा यायला हवा, आणि तो तसाच येतो. एकाच शाळेने केलं तर घोळ होतो, कारण सूर्य घड्याळाच्या तुलनेत फेब्रुवारीत सुमारे १४ मिनिटं मागे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे असतो. दोन्ही गावांत दिवस एकच असला की हा फरक वजाबाकीत उडून जातो.

सर्वांत आखूड सावलीची वाट बघत बसू नका. ती बराच वेळ तेवढीच दिसते. सकाळी साडेअकराच्या सुमारास सावलीच्या टोकापर्यंत, काठी केंद्रस्थानी धरून, सुतळीने वर्तुळ आखा आणि वेळ लिहा. दुपारी टोक परत वर्तुळाला टेकेल तेव्हा पुन्हा वेळ लिहा. दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे तुमचा मध्यान्ह. काठी ओळंब्याने सरळ लावा, आणि हिवाळ्यातला निरभ्र दिवस निवडा. मे-जुलैत सावली इतकी आखूड पडते की मोजायला काही उरत नाही.