बालेवाडी की कर्वे रस्ता?

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या को-वर्किंगसाठी, म्हणजे लोकांना काम करायला टेबल-खुर्ची भाड्याने देण्याच्या धंद्यासाठी, तू पाहिलेल्या दोन्ही जागांचे फोटो पाहिले. बालेवाडी हाय स्ट्रीटची जागा देखणी आहे, प्रश्नच नाही. तरी माझा कौल कर्वे रस्त्यामागच्या गल्लीतल्या त्या जुन्या इमारतीला.

बाणेर-बालेवाडीत जागा शोधणारा बहुतेकदा कंपनीचा माणूस असतो. त्याला वीस-तीस जणांची बंद खोली हवी असते आणि त्याच्या मागे को-वर्किंगच्या मोठ्या साखळी कंपन्या आधीच लागलेल्या आहेत. चाळीस खुर्च्यांच्या जिवावर तू त्यांच्याशी भावात टक्कर देऊ नकोस. तुझं गिऱ्हाईक म्हणजे एकटा सीए, घरून भाषांतरं करणारी बाई, बंगळुरूच्या कंपनीत नोकरी आणि कोथरूडच्या टू बीएचकेत आईवडील, मुलं, ऐन मीटिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या, असा इंजिनिअर. घरातून निघून दहा मिनिटांत खुर्चीत बसता आलं तर हा माणूस रोज येईल. अर्धा तास लागला तर पहिला महिना उत्साहाने येईल, दुसऱ्या महिन्यात दिसणार नाही.

घरमालक मेट्रोचं नाव काढून भाडं चढवेल. वनाज-गरवारे टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, ऑगस्ट २०२३ मध्ये गाडी रुबी हॉलपर्यंत गेली; नळ स्टॉप स्टेशन चालत गाठता येतं हे चांगलंच. पण पुणेकर दुचाकी सोडत नाही. म्हणून पार्किंग बघ, आणि तेही सकाळी साडेदहाला. खाली दातांचा दवाखाना आहे म्हणतोस. पेशंटच्या गाड्या कुठे लागतात, वॉचमन कोणाला हटकतो, ‘पार्किंग फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी आहे का, हे तिथे तासभर उभं राहून पाहा. एजंट हे कधीच सांगणार नाही. जिना चढून स्वच्छतागृहही बघ. मजल्यावर सगळ्यांत मिळून एकच असेल आणि त्याची कडी लागत नसेल, तर मुली तुझ्याकडे टिकणार नाहीत.

मग विजेचं बिल माग. त्यावर मंजूर भार छापलेला असतो. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॉट खातो. सहा एसी, वर दिवे आणि कॉम्प्युटर, हिशोब तूच कर. दर घरगुती लागलाय की व्यापारी, तेही तिथेच कळतं. घरगुती असेल तर तो आधी बदलून घ्यायला सांग. पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते, तेव्हा एक फेरी गुरुवारची ठेव. इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या ठेवायला कोपरा आहे का, तेही पाहून ये.

आता करार. या धंद्यातली खरी मेख इथे आहे. तू मालकाला तीन-पाच वर्षांचा शब्द देतोस आणि तुझं गिऱ्हाईक तुला महिन्याचा देतं. वीवर्क या को-वर्किंगमधल्या बड्या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यातही लांब मुदतीच्या भाड्यांचं ओझं मोठं होतं. ते अवाढव्य होते, तू छोटा आहेस, पण गणित तेच. लिव्ह अँड लायसन्स पाच वर्षांचं कर, मात्र तुझ्या बाजूचा लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याची मुदत, एक वर्षाच्या पुढे जाऊ देऊ नकोस. फर्निचरच्या कामाचे दोन महिने भाड्यातून सोडवून घे. भाडं कार्पेट एरियावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर बोल. सुपर बिल्ट-अपमध्ये जिना आणि लॉबीचे पैसेही तूच भरतोस.

आणि एक कलम विसरू नकोस: तुला जागा पुढे इतरांना वापरायला देता येईल, आणि त्यांना या पत्त्यावर जीएसटी नोंदणी करायची असेल तर मालक ना हरकत पत्र देईल. पुष्कळ जण नुसत्या पत्त्यासाठी महिन्याला पैसे मोजतात. त्यांना खुर्ची लागत नाही, एसी लागत नाही, चहासुद्धा लागत नाही! मालक या कलमावर अडला, तर कर्वे रस्त्याची जागाही सोडून दे. एरंडवण्यात अजून शोधू.

मसुदा हातात आला की सही करण्याआधी मला पाठव. टोकन देण्याची घाई नको.

तुझा,
मामा